कासराभर दिवस असताना

मित्रांनो, माझं खरं नाव ट्रंपेट; पण आमच्या कारंजा गावात मला त्या नावानं कुणी मेलं तरी हाक मारत नाही. इथं मी नुसता बाजा. माझं वय झालं आहे, अंगावर तीन पोचे आहेत आणि गळ्याशी डाग दिलेला आहे. तरी मी सुखी आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मधला दुःखाचा भाग आला की तुम्ही उगाच डोळे पुसत बसणार नाही.

लहानपणचं मला हातोडीच्या ठोक्यांशिवाय काही आठवत नाही. पुंजाजी मास्तरांनी मला आपल्या बँडपार्टीसाठी आणलं आणि इंद्रभानच्या हाती दिलं. माणसाचा चेहरा जगाला दिसतो, पण बाज्याला त्याचा श्वास कळतो. इंद्रभानच्या श्वासाला सुरुवातीला सुपारीचा वास असे. तो वाजवू लागला की कापसाच्या गाड्या हाकणारेसुद्धा बैल थांबवून ऐकत. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

पण आमच्या धंद्यात एक रीत होती. चांगलं वाजवलं की वरातीतलं कुणीतरी कौतुकानं बाटली पुढं करी. इंद्रभाननं आधी वरातीपुरती घेतली, मग वरात नसली तरी त्याला ती लागू लागली. माझ्या पोटात मोहाच्या दारूचा वास कायमचा बसला.

१९७३ च्या वैशाखात पदमचंद शेटजींच्या थोरल्या मुलीचं, कंचनबाईचं लग्न होतं. शेटजी जैन. दिवस मावळला की त्या घरात अन्नाला कुणी हात लावत नाही, म्हणून वरात उजेडी मांडवात पोचून पंगत उठायला हवी होती. आता वरातीचा नियम असा, की बाजा जिकडे जाईल तिकडे घोडा, आणि घोडा जाईल तिकडे वऱ्हाड. त्या दिवशी इंद्रभान झोकांड्या खात सगळ्यांच्या पुढे होता. त्यानं अख्खी वरात गावाच्या दुसऱ्या टोकाला, भलत्याच लग्नाच्या मांडवात नेऊन उभी केली. तिथली वधूमाय ताट घेऊन धावत आली. तिनं नवरदेवाला ओवाळलं, टिळा लावला, आणि मुंडावळ्या बाजूला सारून पाहते तो जावई निराळाच.

आज हे सांगताना मला हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. आम्ही परत फिरून शेटजींच्या मांडवात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. वाढलेल्या ताटांसमोरून दोनशे माणसं उपाशी उठली. शेटजी प्रत्येकापुढं हात जोडत होते. बिचाऱ्या कंचनबाईला सासरी कितीतरी दिवस त्यावरून ऐकून घ्यावं लागलं.

पुंजाजींनी इंद्रभानला पार्टीतून काढलं. पुढचं वर्ष फार वाईट गेलं. एकदा तो माझ्यावरच पडला आणि माझा गळा मोडला. त्याची बायको वच्छला मला पदराखाली झाकून गुलाम नबी कल्हईवाल्यांच्या दुकानात घेऊन गेली.

गुलाम नबींनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाले, "बाजा होते दुरुस्त, बाई. वाजवनाऱ्याले बुधवारी दुपारी पाठवजा."

"तो कायले येते?"

"चहा भेटते म्हना."

इंद्रभान आला तो खरंच चहासाठी. आत गुलाम नबी आणि जिनिंगमधले फिटर शालिग्राम असे दोघंच बसले होते. इंद्रभानला वाटलं, आता उपदेश सुरू होणार. गुलाम नबींनी उपदेश केलाच नाही. ते म्हणाले, "माझं नाव गुलाम नबी. मी बेवडा हाओ. पिऊन कल्हई कराले बसलो, अन् लग्नाच्या डेगीले भोक पाडलं. तसाच पुलाव चढवला त्याईनं. चूल इझली, पाहुने उपाशी." ही गोष्ट ते बाजारभर स्वतःच सांगतात, म्हणून मी सांगितली. बाकी त्या दुकानात कोण काय बोललं ते बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, आणि बाजा असूनही मी तो पाळतो.

इंद्रभान किती दिवसांनी हसला. मग रडला. मग म्हणाला, "मी इंद्रभान. मीबी तोच."

नागपुरात अशा माणसांची संगत भरते, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस नावाची. तिथं फी नाही की साहेब नाही. गुलाम नबी तिथून बारा पायऱ्या शिकून आले होते. दारूपुढं आपलं काही चालत नाही हे कबूल करणं ही पहिली पायरी. ज्यांचं वाईट केलं त्यांच्या दारात जाऊन ते निस्तरणं ही नववी. आणि आपल्यासारख्याच दुसऱ्याला हात देणं ही शेवटची. "जिंदगीभर सोडाची हाय असं मनू नको," गुलाम नबी त्याला सांगत. "आज प्याची नाही. उद्याचं उद्या पाहू."

त्यांनी आणखी एक अट घातली: वर्षभर वरातीला जायचं नाही. माझा गळा जोडला, मला चकचकीत केलं आणि दुकानातल्या खुंटीला टांगलं. मित्रांनो, मला फार राग आला. खाली तिघं चहा पिऊन खिदळतात आणि मी वर धूळ खातो. हा कुठला न्याय?

वर्ष सरलं, आणखी काही महिने गेले. मग एके सकाळी इंद्रभान मला काखोटीला मारून पदमचंद शेटजींच्या कापडदुकानात गेला. शेटजी कापड मोजत राहिले. मान वर न करताच म्हणाले, "माफी माही कायले मांगतं? जिचं लगन होतं तिले मांग."

आम्ही एसटीनं वाशीमला, कंचनबाईच्या सासरी गेलो. कंचनबाईनं आधी मला ओळखलं, मग त्याला. इंद्रभाननं मान खाली घालून सगळं सांगितलं.

"माह्या नणंदा आजबी मले 'उपाशी वऱ्हाडाची' मनतात," ती म्हणाली. "माफी घेऊन मी काय करू, भाऊ? वैशाखात अंगुरीचं लगन हाय. तिची वरात उजेडी पोचवून दे."

शेटजींच्या धाकट्या मुलीचं, अंगुरीबाईचं लग्न. पुंजाजी नको नको म्हणत होते, पण कंचनबाईपुढं त्यांचं चाललं नाही. वरात निघाली तेव्हा इंद्रभाननं आधी सूर्याकडं पाहिलं. चौकात नवरदेवाच्या दोस्तांनी रिंगण धरलं आणि नाचायला लागले ते थांबेचनात. एकानं बाटली पुढं केली. "घे ना मास्तर. तोंड सुकलं अशीन."

"मले चालत नाही, दादा. पानी असन तं द्या."

पाणी पिऊन त्यानं मला ओठाला लावलं आणि वाजवत वाजवत सरळ चालू लागला. बाजा पुढं गेल्यावर नाचणारे करतात काय? नाचत नाचत मागं आले. तो पाय उचले तसे तेही पाय उचलत. सूर्य कलत होता, आम्ही पळत होतो, घोडासुद्धा तालात आला होता. कासराभर दिवस असताना आम्ही शेटजींच्या मांडवात शिरलो. शेवटच्या माणसाचं जेवण झालं तरी उजेड होता. वाजंत्र्यांच्या पंगतीत कंचनबाई स्वतः वाढत आली आणि इंद्रभानच्या पानात तिनं न विचारता दोन लाडू टाकले. माझ्या पोटात त्या दिवशी नुसता वारा होता, स्वच्छ.

आता आपली कहाणी सांगणाऱ्या माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला घासापुसा, अडगळीत टाकू नका. मीही तेच म्हणणार होतो. पण पुढच्याच बुधवारी इंझोरीला साखरपुड्याचं बोलावणं आलं, आणि इंद्रभान गेला नाही. पुंजाजी आमच्या घरच्या दारात येऊन ओरडले, "काहून येत नाहीस? बाजा काय सोभेले ठेवला?"

"आज नाही जमत, मास्तर. हरिसिंग येऊन राह्यला."

हरिसिंग आमचा ढोलवाला. त्याचे हात सकाळपासूनच कापतात. लग्नाच्या दिवशी त्यानं इंद्रभानला हळूच विचारलं होतं, "तुनं कसं सोडलं?"

इंद्रभाननं मला खुंटीला टांगलं आणि चूल पेटवून चहा ठेवला. मित्रांनो, मला जरूर घासा. पण घरात, शेजारी कुणी असा अडकला असेल, तर त्याच्यासाठी एखादा दिवस मला खुशाल टांगून ठेवा. मी रुसणार नाही.

हरिसिंग उंबऱ्यावर येऊन थबकला होता. इंद्रभान सरकला आणि सतरंजीवर त्याच्यासाठी जागा केली.