गळालेल्या शून्याचा तक्ता

मित्रांनो, मोहाडीजवळच्या एका हायस्कूलमधला मी जुना लाकडी तक्ता, आणि खरं सांगायचं तर आता फार थकलो आहे. ऊर्जा एका एककातून दुसऱ्यात कशी बदलायची, हे माझ्या अंगावर लिहिलं आहे. एक कॅलरी म्हणजे ४.२ जूल. एक जूल म्हणजे एक कोटी अर्ग.

१९७४ साली विज्ञानाच्या लक्ष्मणराव सरांनी मला डोमाकडून रंगवून घेतलं. डोमा एरवी बैलगाड्या रंगवायचा. शेवटची ओळ विजेची होती. एक किलोवॅट-तास म्हणजे ३६००००० जूल. कडेला जागा संपली, तेव्हा त्याने एक शून्य गाळलं आणि कुणाला सांगितलंही नाही.

मुलं मला घोकायची. दसऱ्याला पुस्तकांबरोबर मलाही हळदकुंकू लागायचं. मी मोठ्या तोऱ्यात होतो, हे कबूल करतो.

१९७९ साली हिरालालची शकुन दहावीला होती. दहावी झाली की भंडाऱ्याला नर्सचं शिकायचं, असं तिने ठरवलं होतं. बापाने एकाच खेपेची मुभा दिली होती. परीक्षेत किलोवॅट-तासांचे जूल करायला आले आणि तिने माझा आकडा लिहिला. इतरांनीही तोच लिहिला होता, पण ते बाकीच्या गुणांवर तरले. शकुन विज्ञानात तीन गुणांनी राहिली.

निकालानंतर सरांनी तिला बोलावलं आणि ते गणित फळ्यावर करायला लावलं. हजार वॅट, छत्तीसशे सेकंद. तिने न अडखळता छत्तीस लाख लिहिले. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते खाली बसले. मग परीक्षेत तक्त्यावरचा आकडा का लिहिलास, असं त्यांनी विचारलं.

"घरी दोनदा करून पायलं होतं, सर. पण दसऱ्याले ज्याले हळदकुंकू वायतो, त्याले खोटं कसं म्हणू?"

सर म्हणाले, "चूक माझी आहे, पोरी. पाच वर्षं हेच शिकवून राहिलो, एकदाही करून नाही पाहिलं."

त्यांनी कुंचला तिच्याच हातात दिला. तिने कडेला लहानसं शून्य काढलं. त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

सर हिरालालच्या घरी दोनदा जाऊन आले, पण त्याने ऐकलं नाही. शकुन त्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला गेली आणि पुढेही शेतातल्या बांधीतच राहिली.

त्यानंतर सर पहिल्याच तासाला मला फडक्याने झाकत आणि मुलांना सगळं करून पाहायला लावत. मला घोकणारं कोणी उरलं नाही. पुढे छापील तक्ते आले आणि मी खोलीच्या मागे भिंतीला टेकलो. त्याचं मला वाईट वाटत नाही. शकुनचं वाटतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण तुमचं उत्तर माझ्याशी जुळलं नाही, तर माझा मान राखायला गप्प बसू नका. हात वर करा आणि सरांना सांगा.