पहिलं झुंबरबाईचं

घाटात विजेची इंजिनं नुकती धावू लागली होती, त्या सुमाराची गोष्ट. कुसगावच्या कडेला, झुंबरबाईच्या गोठ्यामागं एका बंगलेवाल्याचं खोपट होतं. तिथं रूथबाई नावाची किरिस्ताव बाई राहायला आली. तिचा नवरा रेल्वेत ग्यांगमन होता. तो वारला आणि तिला रेल्वेच्या चाळीतली खोली सोडावी लागली. लोणावळ्याच्या बंगल्यांतून ती शिवण आणायची आणि दारात बसून शिवायची. पण झुंबरबाईला ती पहिल्या दिवसापासून खटकली.

रोज उजाडताना रूथबाई अंगणात बसायची, डोळे मिटायची आणि हलक्या आवाजात कुणाशी तरी बोलायची. पुढ्यात मूर्ती नाही, दिवा नाही. मग उठून जे काम हाती घ्यायची, ते संपेपर्यंत इकडंतिकडं बघायची नाही. घरात एक चटई, दोन-चार भांडी आणि एक जाडजूड पुस्तक. एवढ्यात माणूस असं निवांत राहतं म्हणजे आत काहीतरी वेगळंच असणार, हे झुंबरबाईनं ठरवून टाकलं.

"कुनाशी बोलती ती?" तिनं नवऱ्याला, महिपतीला विचारलं.

"त्यांच्या देवाशी आसंल."

"मग आवाज बारीक का करती?"

महिपती तंबाखू मळत गोठ्याकडं निघून गेला.

एका सकाळी शेण काढता काढता झुंबरबाईनं कुडाच्या फटीला कान लावला. पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "बापा, आजचा दिवस तू दिलास. आज पहिलं झुंबरबाईचं..." तेवढ्यात म्हैस फुरफुरली आणि पुढचं बुडालं. म्हैस गप झाली तेव्हा शेवटचं कानावर आलं, "...मग झबली पुरी करीन, आणि बयाबाईला अंघोळ घालीन."

बयाबाई म्हणजे गावाबाहेरची आंधळी म्हातारी. तिचं समजलं, झबल्यांचंही समजलं. पण आपलं काय? दुसऱ्या दिवशी तिनं परत कान लावला. परत तिचंच नाव, आणि तेही सगळ्यांच्या आधी. त्याच आठवड्यात म्हशीनं गाभ टाकला. मग शंकेला जागाच उरली नाही.

ती गावच्या कोंडाजी देवरुष्याकडं गेली. त्यानं हळदकुंकू माखलेलं लिंबू दिलं. "तिच्या उंबऱ्यात टाक. जिचं तिच्यावर उलटंल."

झुंबरबाईनं ते टाकलं आणि फटीशी दबा धरून बसली. रूथबाई बाहेर आली. तिनं लिंबू उचललं, धुतलं, कापलं आणि भातावर पिळून खाल्लं. झुंबरबाई दिवस मावळेपर्यंत वाट बघत राहिली. रूथबाई आपली झबल्याला टीप घालत बसलेली. ही बाई कोंडाजीलाही पुरून उरली म्हटल्यावर झुंबरबाईला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी नाव कानावर पडताच ती कुडाला वळसा घालून थेट अंगणात गेली.

"माजं नाव रोज कशापायी घेतीस? काय केलंस माज्या म्हशीला?"

रूथबाईनं डोळे उघडले. ती घाबरली नाही, पण ओशाळल्यासारखी झाली.

"तुम्ही ऐकलंत?"

"समदं ऐकलं," झुंबरबाई खोटंच बोलली. "आता तुज्या तोंडानं सांग."

रूथबाईनं पुस्तक बाजूला ठेवलं. "मला तुमचा राग येतो, झुंबरबाई. मी इथं आले त्या दिवशी विहिरीवर तुम्ही माझी घागर पायानं लोटलीत. तेव्हापासून मी ओढ्यावरून पाणी आणते. चढ चढताना रोज मनात येतं, हिचं वाटोळं होऊ दे. असं मनात ठेवून मला देवाकडं आजची भाकर मागता येत नाही. म्हणून दिवसाचं पहिलं काम हे. राग त्याच्या हवाली करते, मग सुई हातात घेते."

"मग जातो का राग?"

"दुपारपर्यंत. पाण्याला गेले की परत येतो. मग दुसऱ्या दिवशी परत तेच."

"आनि म्हस?"

"म्हशीचं मी मागितलं नव्हतं. पण कळलं तेव्हा घटकाभर बरं वाटलं. तेही त्याला सांगितलंय."

झुंबरबाई भांडायच्या तयारीनं आली होती, पण या बोलण्यात भांडण घालायला कुठं धरावं तेच कळेना. ती तशीच माघारी फिरली.

"तिला म्हनं माजा राग येतो. रोज देवाला सांगती," तिनं महिपतीला सांगितलं.

"बाकीच्या बाया मला येऊन सांगत्यात," महिपती म्हणाला.

शेजारच्या शालूबाईनं बजावलं, "त्यांची लोकं ग्वाड बोलून घरात शिरत्यात. जपून ऱ्हा." झुंबरबाईला ते पटत होतं. पण रूथबाई गोड कुठं बोलली होती? तोंडावर वाटोळं म्हणाली होती. यातही डाव असेल तर तो कसला, याचा विचार ती भाकऱ्या थापताना करायची आणि भाकरी करपायची.

उन्हाळ्यात ओढा आटला. रूथबाई घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायला लागली, कुणी ओतलं तर घ्यायचं म्हणून. बाया पाणी शेंदून तिच्यासमोरून निघून जायच्या. एक दिवस झुंबरबाई भरली कळशी घेऊन तिच्याकडं गेली आणि शिवाशिव होणार नाही अशी वरून धार धरली. शालूबाई डोळे फाडून बघत राहिली.

"आता तरी माजं नाव सोडशील?" झुंबरबाईनं हळूच विचारलं.

"थोडं कमी सांगावं लागेल," रूथबाई म्हणाली. "पण तुम्ही ओताल तेव्हाच मला पाणी, हे काही गेलं नाही."

झुंबरबाई तणतणत घरी आली. एवढं करून वर हे ऐकायचं? आपण ओतलं ते दयेनं, का त्या नावाच्या धास्तीनं, हे तिचं तिलाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी ती बाकीच्या बायांच्या आधी विहिरीवर गेली. रूथबाई लांब उभी होती. झुंबरबाईनं दोर आणि पोहरा काठावर ठेवला आणि बाजूला झाली.

"तुजं तू शेंदून घे. बिगी बिगी. शालू यायच्या आत."

रूथबाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं. काही डाव तर नाही ना, असंच तिच्याही डोळ्यांत होतं. मग तिनं पदर खोचला आणि पोहरा आत सोडला. रहाट कुरकुरला, तशी झुंबरबाई गावाच्या वाटेकडं तोंड करून उभी राहिली.