फुलवतीचा सिलिंडर

अलकनंदाताईंच्या चकल्यांचं नाव आर. के. पुरमपासून नोएडापर्यंत झालेलं. दिवाळी जवळ आली की दिल्लीतल्या मराठी मंडळींचे फोनवर फोन! धंद्याचा सिलिंडर परवडेना, म्हणून बाईंनी शक्कल लढवली. कामवाल्या फुलवतीला सरकारी योजनेतून सवलतीचा सिलिंडर मिळे, तो त्या घेत आणि वर तिच्या हातावर चार पैसे ठेवत.

"तिचंही भागतं, माझंही. कुणाचं काय बिघडलं?" असं त्या खुशाल सांगत.

शेजारच्या उत्तराताई निवृत्त नर्स. चकल्या पाडता पाडता त्यांनी सोऱ्या खाली ठेवला.

"अलका, मग ती स्वयंपाक कशावर करते गं?"

"चुलीवर. सवय असते त्यांना!"

"धुराची कसली सवय? ज्या चुलीपासून तिची सुटका व्हावी म्हणून गॅस दिला, तिच्याचपुढे तू तिला परत बसवलंस."

"अच्छा, म्हणजे मीच वाईट! तिनेच तर हो म्हटलं."

"तुझ्याकडचं काम सुटेल या भीतीने म्हटलं. तुला नाही म्हणायची तिची बिशाद आहे का?"

अलकनंदाताईंनी फणकाऱ्याने तोंड फिरवलं. आत तळणीपाशी उभ्या फुलवतीचा फोन तेवढ्यात वाजला आणि ती किंचाळलीच. आई घरी नाही म्हणून नऊ वर्षांची रजनी चुलीवर रोट्या भाजायला बसली होती. ओढणीने पेट घेतला होता.

दोन दिवसांनी पोर गेली.

अलकनंदाताई फुलवतीच्या झुग्गीत, त्या एका खोलीच्या झोपडीत गेल्या. तिथली काळीकुट्ट चूल पाहून त्या तिच्यापुढेच खाली बसल्या.

"फुलवती, गलती मेरी है," म्हणत त्या ढसाढसा रडल्या.

फुलवतीने घाबरून हात जोडले. "दीदी, किसी को मत बताना कि गैस आपके यहाँ थी. योजना से मेरा नाम कट जाएगा."

अरे देवा! गुन्हा यांचा, आणि पोटचा गोळा गमावूनही भीती तिलाच! अलकनंदाताईंची मान वर होईना.

त्यांनी सगळ्या ऑर्डरी रद्द केल्या आणि सिलिंडर झुग्गीत नेऊन जोडून दिला. त्या गॅसवरची पहिली रोटी खायला रजनी मात्र नव्हती.

वाचकहो, गरिबाच्या नावाने निघालेली मदत गरिबाच्याच घरात पोचू द्या. मध्येच हात घालू नका. आणि "तिने हो म्हटलं" ही सबब तर मुळीच सांगू नका. नाही म्हणायची सोय तिला आपण कधी ठेवली होती?