गादीच्या दुकानातली आई

गादीवाल्याचा फोन आला तेव्हा ती एका सभासदाचं पोट चौकटीबाहेर काढण्याच्या खटपटीत होती. पोहण्याच्या तलावाचा व्हिडिओ होता. मंडळाच्या सचिवांचा निरोप होता की पोट दिसायला नको, पण माणूस दिसायलाच हवा, कारण तो उपाध्यक्ष आहे.

"ताई, कामात आहात का?"

"बोला ना."

"नाही, कामात असाल तर नंतर करतो."

माणूस असं आडून आडून यायला लागला की पुढे काहीतरी अवघड आहे, हे इतक्या वर्षांत तिला पाठ झालं होतं. तिनं पोट तसंच सोडलं.

"तो आपला व्हिडिओ. दारातल्या पडद्यावरचा. तो बदलायचा म्हणत होतो."

"नव्या गाद्या आल्यात?"

"गाद्या त्याच आहेत. राग मानू नका. काकू गेल्या हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि इथं त्या दिवसभर डोळे मिटून गादीवर पडलेल्या दिसतात. परवा एक आजीबाई गादी बघायला म्हणून आडव्या झाल्या. मान वळवली तर समोर काकू. तशाच उठल्या, चपला घातल्या. म्हणाल्या, नको रे बाबा, मी आपली जमिनीवरच बरी."

तिला हसू आलं. आणि हसू आल्याचा राग आला.

चूक म्हणाल तर तिच्याच घरची होती. धंदा तिघांचा. बाबा कॅमेरा धरायचे, ती कापाकापी करून व्हिडिओ जुळवायची, आणि उरलेलं सगळं आई करायची. त्या उरलेल्यात गिऱ्हाईक होणंही आलं. छोट्या दुकानांना आणि मंडळांना नटनट्या कुठून आणता येणार? मग आई उभी राहायची. दंतवैद्याच्या व्हिडिओत तिची दाढ किडली, चष्म्याच्या दुकानात तिची नजर सुधारली, वाचनालयात तिनं एकच जाडजूड पुस्तक तीन वर्षं वाचलं आणि ज्येष्ठ नागरिक संघात ती चौपन्नाव्या वर्षीच दाखल झाली. "गावातलं एकुलतं एक समाधानी गिऱ्हाईक मीच," असं ती म्हणायची. आता ती जाऊन तीन महिने झाले होते, आणि गावातल्या सतरा व्हिडिओंत ती अजून समाधानी होती.

गादीचा व्हिडिओ चाळीस सेकंदांचा. पांढऱ्या चादरीखाली आई झोपलेली, मागे बासरीची धून, तोंडावर हळूहळू येणारा उजेड. मग ती डोळे उघडते, आळस देते, उठून बसते आणि आठ तास गाढ झोप झालेल्या माणसासारखी हसते. त्या दिवशी प्रत्यक्षात ती पहाटे चारला उठून दुकानातल्या चादरींना इस्त्री करत बसली होती.

"बदलू," ती म्हणाली. दुसरं काही म्हणणं शक्यही नव्हतं. आजारपणात आईच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या, तेव्हा याच माणसानं हवेची गादी स्वतः खांद्यावरून जिना चढवून आणली होती, आणि ती परत न्यायचा विषयही अजून काढला नव्हता.

"आणखी एक," गादीवाला म्हणाला. आता त्याचा आवाज अगदीच पडला. "काका रोज येतात."

"कुठे?"

"इथं. पाचच्या सुमाराला. आत येत नाहीत. फुटपाथवर उभे राहून पडदा बघतात, अर्धा तास, कधी जास्त. खुर्ची देऊन बघितली, बसत नाहीत. त्यांच्यादेखत कसा बंद करू? म्हणून तुम्हाला फोन केला."

बाबा रोज पाचला फिरायला जायला लागले याचं तिला केवढं बरं वाटलं होतं. बाबा सावरतायत, असं तिनं मावशीला फोनवर सांगूनही टाकलं होतं.

त्या संध्याकाळी ते परतले तेव्हा ती दारातच होती.

"फिरायला कुठे जाता, बाबा?"

"असाच. चौकापर्यंत."

"गादीवाल्याचा फोन आला होता."

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. पुसून झाला तरी घातला नाही. "त्याला अडचण होत असेल तर मी पलीकडच्या फुटपाथवर उभा राहीन. तिथूनही दिसतं."

तिनं सगळं सांगितलं. आजीबाईंचं सांगितलं तेव्हा त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

"मूळ व्हिडिओ आपल्याकडे आहेच," ती म्हणाली. "घरच्या टीव्हीवर लावून देते. पाहिजे तेव्हा बघा."

"लावून बघितला मी."

"मग?"

"घरी बटण मला दाबावं लागतं. मी दाबलं तर ती उठते, नाही तर नाही." चष्मा हातातच होता. "तिथं मी काहीच करत नाही. ती आपली आपण उठते. मग पुन्हा झोपते, पुन्हा उठते."

ती भांडी घासायला आत गेली. थोड्या वेळानं बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"शूट कधी ठरवलंयस?"

"सोमवारी. दुकान उघडायच्या आत."

"मी येतो. तुला उजेड जमत नाही."

तीन महिन्यांत त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. ती एकटीच ट्रायपॉड उभा करून जमेल तसं शूट करत होती, आणि उजेड तिला खरोखरच जमत नव्हता.

सोमवारी आठला तिघं गादीवाल्याच्या अर्ध्या उघड्या शटरखालून आत शिरले, म्हणजे ते दोघं आणि कॅमेऱ्याची बॅग. बॅगेत आईचा कंगवा निघाला, तो तिनं बाबांच्या नकळत खिशात टाकला. झोपायला गादीवाल्याची बायको तयार होती. नवी साडी नेसून, केस धुऊन आली होती.

"वहिनी, पापण्या फडफडतायत," ती म्हणाली.

"अहो, तीन माणसं टक लावून बघतायत. झोप कशी येणार?"

"दुपारी हिला टीव्हीसमोर बसवा," गादीवाला म्हणाला. "दोन मिनिटांत घोरते."

"तुम्ही बाहेर जाऊन उभे राहा बघू."

तो बाहेर गेला. वहिनींना मग त्याच्या जाण्याचंच हसू यायला लागलं. चादर थरथरत राहिली. बाबा सवयीनं कॅमेऱ्यामागे थांबून होते. अशा वेळी कुणीतरी पुढे व्हायचं, पलंगाच्या कडेला टेकायचं, मुलं काय करतात, गुडघा कसा आहे असं विचारता विचारता समोरच्या माणसाला सैल करायचं आणि हळूच चौकटीतून बाजूला व्हायचं. कुणी पुढे झालं नाही. बाबा आणि ती, दोघंही एकदमच दुसरीकडे बघायला लागले.

"मला नाही जमत," वहिनी उठून बसल्या. "ताईंनाच झोपवा. डोळे बघा तरी त्यांचे. किती दिवस झोपल्या नाहीत कोण जाणे."

"मी नको."

"पड गं," बाबा म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

ती पडली. आठ महिने आजारपणाचे आणि हे वरचे तीन. अकरा महिने तिचा एक कान पलीकडच्या खोलीत होता. आधी आईच्या खोकल्यासाठी, मग बाबा रात्रीबेरात्री उठतात का यासाठी. गादी चांगली होती. व्हिडिओत जे दाखवलं होतं ते खरं निघालं, याचं तिला थोडं नवल वाटलं.

"उजवा हात बाहेर घे. तोंड जरा माझ्याकडे. आता डोळे मीट."

चाळीसपर्यंत मोजायचं आणि उठून बसायचं, असं तिनं ठरवलं. सव्वीसपर्यंतचं तिला आठवत होतं.

जाग आली ती कुजबुजीनं. पलंगाच्या तिन्ही बाजूंना गाद्या उभ्या करून कुणीतरी आडोसा केला होता. मधल्या फटीतून रस्त्यावरचं ऊन दिसत होतं. बाबा उशाशी स्टुलावर बसले होते. कॅमेरा बॅगेत, बॅग मांडीवर.

"किती वाजले?"

"पावणेबारा."

ती ताडकन उठून बसली. "अहो बाबा, हाक नाही का मारायची? शूटचं काय?"

"दोनेक मिनिटं घेतलं. मग बंद केला कॅमेरा."

"का?"

"तू खरंच झोपलीस." ते बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. "आणि तोंड उघडं होतं."

फटीतून दारातला व्हिडिओचा पडदा दिसत होता. काळा. तिनं बाबांकडे बघितलं, पण ते पट्ट्यातून वर बघेनात. तेवढ्यात दोन गाद्यांच्या मधून गादीवाल्यानं डोकं आत घातलं.

"उठलात का? मी नाही हं बंद केला, ताई," तिची नजर कुठं आहे ते बघून तो घाईनं म्हणाला. "मी तर दुकान उघडल्या उघडल्या सवयीनं बटण दाबलं. ती बासरी सुरू झाली मात्र, काका इथून असे धावले की मला वाटलं काही झालंच. वायरच उपटली. म्हणाले, पोरगी उठेल."

गादीवाल्यानं डोकं बाहेर घेतलं.

"एकदाही बघितला नाहीत आज?" तिनं विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "लक्षातच नाही आलं."

आडोशापलीकडे एक बाई वहिनींना विचारत होत्या, "त्या आत झोपल्यात ना, ती कुठली गादी? तीच दाखवा मला."

"हळू बोला हो," वहिनी म्हणाल्या. "ती रिकामी व्हायची आहे अजून."

तिनं पाय खाली सोडले आणि चपला चाचपडायला लागली. बाबांनी त्या पायानं स्टुलाखाली सरकवल्या.

"गिऱ्हाईक थांबलंय, बाबा."

"थांबू दे," ते म्हणाले.

तिनं पाय पुन्हा चादरीखाली घेतले.