दुपारी वाजवलेला भोंगा

गोष्टीतल्या किल्ल्यावर हल्ला झाला तेव्हा इशारा म्हणून मी आमच्या साखर कारखान्याचा रेकॉर्ड केलेला भोंगा वाजवला. दुसरे आवाज नव्हते असं नाही. इंटरनेटवर शिंगं, नगारे ढिगानं पडलेत. पण मला मेलीला सगळं आपल्याच गावचं हवं असतं.

भवानीनगरच्या आमच्या घरी दर रविवारी आम्ही टेबलाभोवती हा खेळ मांडतो. मी गोष्ट सांगते, माझे दोस्त श्रेया आणि विकी त्यातली माणसं होतात आणि फासे पडतील तसं पुढं घडतं. आवाजांचं खातं माझ्याकडं. गोष्टीत बाजारपेठ आली की बावड्याच्या बाजाराचा गलका, राक्षस घोरायला लागला की मोरगावच्या एसटीचं इंजिन. विकी म्हणतो, "राक्षस हाय का डेपोत लावलाय?" हसू दे मेल्याला. त्याच्या हातावर आलेला काटा मी बघितलाय.

खेळ माझ्याच घरी होतो, कारण मला घर सोडता येत नाही. वडील आतल्या खोलीत असतात. अण्णांनी पस्तीस वर्षं कारखान्यात साखर शिजवली. गेली दोन वर्षं त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, मीसुद्धा. भोंगा ऐकला की मात्र ते चपला शोधतात. म्हणून हंगामात मी भोंग्याच्या आधी न चुकता दारांना कड्या घालते. मार्चमध्ये गाळप संपलं, भोंगा बंद झाला आणि मी सैल पडले. स्वतःच्या हातानं भोंगा वाजवताना कडी आठवली नाही. याला मूर्खपणा म्हणतात, दुसरं काही नाही.

स्पीकरचा आवाज पूर्ण सोडला होता. विकी दचकला आणि मला केवढा आनंद झाला. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं आम्ही तटावर लढत होतो. अण्णांना चहा द्यायला आत गेले तर खाट रिकामी, मागचं दार सताड उघडं.

श्रेया कॅनॉलकडं पळाली. कॅनॉलला पाणी सुटलेलं होतं. विकीनं गाडी बारामती रस्त्याला घातली. मी गिरणीत डोकावले, देवळात डोकावले, पुन्हा गिरणीत गेले. पाय एका जागी ठरेनात. अण्णा कुठं गेले असतील ते मला ठाऊक होतं, तरी तिकडं जायची छाती होत नव्हती. ते तिथंही नसले तर मग फक्त कॅनॉल उरत होता.

शेवटी कारखान्याच्या गेटवर गेले. वॉचमन सर्जेराव मला बघून उठले.

"घाबरू नगं, तेजश्री. बसल्यात बघ आत. मगाधरनं कामावर जातो म्हनत्यात. म्या म्हनलं, साह्यब यिऊंद्या."

अण्णा बाकावर बसले होते. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली, डोक्याला टोपी. घरात मी घास भरवते तेव्हाही ते भिंतीकडं बघत असतात. इथं ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालत होते. मला त्या बंद कारखान्याचा हेवा वाटला, रागही आला.

"अण्णा, चला घरी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बाजूला सरकून मला बसायला जागा दिली.

"न्हाय ओ ताई, माजी ड्युटी हाय. तुमी जावा. पर एक काम करा, आमच्या घरावरनं जावा. माजी तेजू एकलीच हाय घरात. भोंगा झाला की दारात यिऊन बसती, लई रडती. तिला म्हनावं, अण्णा येत्यात."

मी त्यांच्या शेजारी बसले. "सांगते," एवढंच म्हटलं.

हातातला फोन वाजत होता. श्रेया असेल, अजून कॅनॉलच्या कडेनं हाका मारत फिरत असेल. तो उचलायला हवा होता आणि मी नुसती बसले होते.

अण्णांनी माझ्याकडं काळजीनं बघितलं. "जाताय न्हवं?"