रिकाम्या कढईचे पाच सोमवार

मी लोखंडाची कढई. राजारामपुरीतल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, गॅसशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. बूड काळंभोर, एक कान जरा वाकडा. बोलायची मला सवय नाही, सारा जन्म चरचरण्यातच गेला. पण अलीकडं थकले आहे, आणि थकल्यावर बोलावंसं वाटतं, ते माणसांकडूनच शिकले.

राधानगरीच्या रस्त्याकडेला बनाबाई घिसाडणीच्या पालापुढं माझा जन्म झाला. नवरा सांडशीनं धरायचा आणि बनाबाई घण मारायची. तापायचं, मार खायचा, पुन्हा तापायचं. त्यातून मला खोली आली.

बहिणीच्या गावाहून परत येताना ह्याच फ्लॅटातले शिवाप्पा आणि त्यांची बायको शांतव्वा तिथं थांबले. शिवाप्पांनी तीस वर्षं गुळाचा व्यापार केलेला. ढेप वाजवून बघावी तसं त्यांनी बोटाच्या पेरानं माझ्या बुडावर टकटक केलं.

"पावणं, कढई हाय ती, ढोल न्हवं," बनाबाई म्हणाली.

"आवाज खणखणीत पायजे बाई. गूळ आन लोखंड खोटं बोलत न्हाय."

मागून शांतव्वा म्हणाली, "कान वाकडा हाय की हिचा. दुसरी घ्या."

"माझा तरी कुठं सरळ हाय? त्यो खपवून घेतलास न्हवं? हीच घ्यायची."

मला घेतलं ते सुनेसाठी. रक्षिताला दिवस गेले होते आणि अंगात रक्त कमी होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या, टॉनिक दिलं होतं, वर लोखंडी कढईत भाज्या करा म्हणून सांगितलं होतं. मग काय, मेथी, पोकळा, शेपू, सगळं माझ्यात. वर लिंबू पिळायचं, त्यानं लोह अंगी लागतं म्हणून. पोरीच्या गालावर हळूहळू रंग आला. नात झाली, सौंदर्या, टपोऱ्या डोळ्यांची. त्या वर्षी खंडेनवमीला शांतव्वानं विळी-सुरीच्या पंगतीत मलाही बसवलं, हळदकुंकू लावलं, नमस्कार केला. खरं सांगते, तो नमस्कार मला जड गेला. औषधाचं निम्मं श्रेय माझ्या पदरात आलं होतं.

दोन वर्षांनी शिवाप्पा विसरू लागले. आधी चष्मा, मग सौंदर्याचं नाव. एकदा दूध आणायला गेले आणि भलत्याच गल्लीत, भलत्याच जिन्यावर बसून राहिले. पण शांतव्वाला लागलं ते वेगळंच. दर सोमवारी तिच्या पूजेला ते बाजारातून बेल आणायचे. चाळीस वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता. तो चुकला. पुढचाही चुकला. ती दारापाशी उभी राहायची आणि मग मुकाट्यानं रक्षिताला पाठवायची.

"अशक्तपणा हाय त्यो," शांतव्वा म्हणाली. "डोक्याला रक्त पोचंना झालंय. सून बरी झाली, तसं हे बी व्हतील."

तिनं सोळा सोमवार धरले. नेम असा, की सोळा आठवडे शिवाप्पांचा घास न् घास माझ्यातच शिजायचा आणि ते जेवल्याशिवाय तिनं सोमवारचा उपास सोडायचा नाही. चिंचगुळाची आमटी सकाळी व्हायची आणि संध्याकाळपर्यंत माझ्यातच राहायची. आंबट रस लोखंड ओढून घेतो. मला ते कळत होतं, आमटी काळी पडताना दिसत होती. शांतव्वा तो काळा रंग बघून समाधानानं म्हणायची, "उतरतंय बघ, सगळं उतरतंय." वर रक्षिताला दिलेल्या त्याच टॉनिकची नवी बाटली आणायची आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे पाजायची.

शिवाप्पा तोंड वाकडं करायचे. "शांते, तोंडात खिळा धरल्यागत चव लागतीया."

"चवीसाठी न्हाय, ताकदीसाठी हाय. गिळा."

अकरा सोमवार झाले. ते जास्तच गप्प झाले. अंगावर पिवळसर राखाडी छटा आली, पोट जड राहू लागलं. रक्षितानं हट्टानं रक्त तपासून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला, घरी काय काय देता ते सगळं घेऊन या. शांतव्वानं ते अक्षरशः पाळलं. बाटली घेतली आणि मलाही पिशवीत घातलं.

दवाखान्यात टेबलावर मला बघून डॉक्टरीणबाई हसल्या, पण मग कागदाकडं बघून गंभीर झाल्या.

"आजी, आजोबांच्या अंगात लोह कमी नाही, फार जास्त आहे. शरीराला लोह आत घ्यायला दार आहे, बाहेर टाकायला नाही म्हटलं तरी चालेल. सुनेची गोष्ट वेगळी होती. बाळाला द्यायचं होतं, शिवाय बाईच्या अंगातून दर महिन्याला रक्त जातं. ह्यांच्या अंगातून काय जातंय? ते साठत राहतं. लिव्हरमध्ये, हृदयात, काही मेंदूतही."

शांतव्वाचे हात पदरात गेले. "म्हंजे इसरायला लागले ते माझ्यानंच?"

"तसं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. विसरणं आधीच सुरू झालं होतं, वयही आहे. पण मेंदूत जादा लोह साचलं की तिथल्या पेशींना त्रास होतो, एवढं कळलंय. दमलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी पाटी कशाला द्यायची? टॉनिक आजपासून बंद, कढईही बंद. इतकं का साठलं ते शोधू, अधूनमधून थोडं रक्त काढू. गेलेलं सगळं परत येईल असं मात्र मी म्हणणार नाही."

परतताना रिक्षात मी शांतव्वाच्या मांडीवर होते. माझ्या बुडावर तिच्या आसवांचे थेंब पडत होते. तिला एकच घोर. पाच सोमवार राहिले होते. नेम मोडला तर ह्यांचं कसं होईल, आणि पाळला तर?

सोमवार आला. तिनं मला चिंच-राखेनं घासलं, पुसलं आणि देव्हाऱ्यापुढं पाटावर ठेवलं. रिकामी.

"आत्ती, रिकामं भांडं देवापुढं?" रक्षितानं विचारलं.

"भरून ठिवून काय झालं ते बघितलं की," शांतव्वा म्हणाली. "नेम माझा हाय, पोट त्यांचं. माझ्या नेमापायी त्यांचं पोट कशाला राबवायचं? देवाला भूक असती व्हय लोखंडाची?"

असे रिकामे सोमवार सुरू झाले. शिवाप्पांचा वरणभात स्टीलच्या पातेल्यात शिजायचा. ते जेवले की ती उपास सोडायची. मी पाटावर बसून असायचे. तापणं नाही, फोडणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही न करता बसवलं होतं, आणि तेव्हा कळलं मी किती दमले होते ते.

सोळावा सोमवार. शांतव्वा डोळे मिटून बसली होती. शिवाप्पा चालत आले, माझ्यापुढं वाकले आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. ऐकलं. पुन्हा केलं.

"वाकड्या कानाची हाय ही," ते सावकाश म्हणाले. "तू दुसरी घ्या म्हणालतीस."

शांतव्वानं डोळे उघडले.

त्यांनी देव्हाऱ्याकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. "आज सोमवार हाय न्हवं? तुझा उपास असंल. मी बेल आणला न्हाय की."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आता दोघं मिळून जाऊया."

दुसऱ्या दिवशी त्यांना आपली गल्ली पुन्हा आठवली नाही. मंगळवार होता, की बुधवार, तेही सांगता आलं नाही. मी खोटं बोलणार नाही. गूळ आणि लोखंड खोटं बोलत नाही, असं त्यांनीच म्हटलं होतं. पण त्यानंतर आलेल्या सोमवारांपैकी दोन सोमवारी ते आपणहून चपला घालून दारात उभे होते, आणि शांतव्वा त्यांचा हात धरून निघाली.

मी आता खिळ्यावर असते. कधी रक्षिता माझ्यात शेंगदाणे भाजते, तेवढंच. मला भंगारात घालू नका, बायांनो, माझ्यात वाईट काही नाही. फक्त कुणाच्या ताटात वाढण्याआधी त्या माणसाच्या अंगात खरंच काय कमी आहे, ते एकदा विचारून घ्या. मायेला माप नसतं, ठाऊक आहे मला. पण अंगाला असतं.

आज सोमवार आहे. दाराशी चपलांचा आवाज होतोय. ऐकू द्या मला जरा.