पुसलेलं पाखरू

मित्रांनो, मी एक जुना ब्राउझर आहे. संगणकावर वेबची पानं ज्यातून दिसतात ती खिडकी म्हणजे मी. निळ्या चौकोनातलं छोटं पाखरू ही माझी खूण. स्वस्थ बसणं मला जमत नाही, कारण मला कोण कधी काढून टाकेल याचा नेम नसतो.

मला घडवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आपापल्या नोकऱ्या सांभाळून, फावल्या वेळात त्यांनी मला एकच गोष्ट नीट शिकवली. पानावरची सगळी लुडबुड बाजूला सारायची आणि मजकूर तेवढा मोठ्या, ठळक अक्षरांत समोर ठेवायचा. थोरला ब्राउझर संगणकाबरोबरच घरात येतो. मला मात्र कुणीतरी मुद्दाम बोलवावं लागतं.

मला बोलावलं ते एका मुद्रितशोधक बाईंनी. पुस्तक छपाईला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. प्रकाशक पानं वेबवर ठेवायचे आणि बाई जेवणाच्या टेबलावर बसून ती तपासायच्या. थोरल्यात वाचताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. माझ्यात पहिलं पान उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हुश्श! आता कसं डोळ्यांना बरं वाटलं." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस हवेत होतो.

पण त्या घरात मतांना काय तोटा? धाकटे दीर आले की चहाचा कप हातात घेऊन सुरू व्हायचे. "वहिनी, संगणकाबरोबर जो आला तो पदरी पडला, पवित्र झाला. सगळं जग तोच वापरतं. तुम्हालाच हे खूळ कशाला?" यावर मुलगी फोनवरून उसळायची. "काकाला सांग, त्याचा थोरला आपण काय वाचतो, काय विकत घेतो, सगळ्यावर डोळा ठेवून असतो!" खरं सांगायचं तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. बँकेची काही पानं माझ्यात उघडायचीच नाहीत. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाईंचे यजमान निवृत्त आरेखक. इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते नाकाने कांदे सोलत म्हणायचे, "एका संगणकाला एक ब्राउझर पुरे. बाकी सगळा पसारा." बाई हसून सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. ऐकावे जनाचे, करावे मनाचे!

एका दुपारी घात झाला. यजमानांनी पसारा आवरायला घेतला आणि माझं पाखरू पडद्यावरून पुसून टाकलं. मित्रांनो, खूण पुसली म्हणून ब्राउझर जात नाही. मी आत धडधाकट होतो, फक्त माझं दार नाहीसं झालं होतं.

थोड्या वेळाने बाई कामाला बसल्या. शेवटची पानं संध्याकाळपर्यंत पाठवायची होती, नाहीतर पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. प्रकाशकाच्या पानाचा पासवर्ड त्यांना पाठ नव्हता. तो मीच सांभाळत होतो. त्या माऊस भिरभिर फिरवत राहिल्या. माझा जीव टांगणीला लागला. हाक मारावी, तर मला तोंड कुठे आहे?

शेवटी त्यांनी मुलीला फोन लावला. "अगं, माझं पाखरू कुठे गेलं?"

"घाबरू नकोस, आई. खाली शोधायची चौकट आहे ना, तिच्यात त्याचं नाव लिही."

बाईंनी नाव लिहिलं आणि मी धावतच बाहेर आलो. पानं वेळेत गेली. मग मात्र बाई कडाडल्या.

"अहो, माझ्या कामाच्या वस्तूला न विचारता हात का लावलात?"

"तुझं नव्हतं गं काढायचं. ते गाण्यांचं जुनं चिन्ह आहे ना, ते काढत होतो."

"त्याच्यावर तबकडी आहे, याच्यावर पाखरू! एवढंही दिसलं नाही?"

यजमान हळूच म्हणाले, "नाही दिसलं. हल्ली मला दोन्ही नुसते ठिपके दिसतात. बरेच महिने झाले."

केसाएवढी रेघ ओढणारा माणूस हे कुणाला आणि कसं सांगणार? बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी शेजारी दुसरी खुर्ची ओढली आणि माझी अक्षरं मोठी केली.

"आता?"

"अंहं."

त्यांनी आणखी मोठी केली. पडद्यावर जेमतेम चार शब्द मावायला लागले, तेव्हा यजमान म्हणाले, "हां, आता," आणि मोठ्याने वाचायला लागले. मला इतकं भरून आलं की काय सांगू! डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ बाईंनी लगेच माझ्यातूनच घेतली.

मित्रांनो, मलाच निवडा असा माझा हट्ट नाही. उद्या माझ्याहून चांगला कुणी येईल आणि मला जावं लागेल, ही धाकधूक आहेच. पण दुसऱ्यासाठी काही निवडण्याआधी किंवा त्याचं काही काढून टाकण्याआधी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "तुला काय दिसतंय?" त्या घरात इतकी मतं झाली, इतके वाद झाले, पण यजमानांना हे कुणीच विचारलं नव्हतं.